बॉनेटचे लायनिंग : ओढून फेकू नका, लोंबतही ठेवू नका

संपादक महोदय,

खासगी मोटारीला १५ वर्षे झाली की पुनर्नोंदणीसाठी पासिंग करावे लागते. तेव्हा मालक डेंटिंग-पेंटिंग करतात, टायर बदलतात, दिवे तपासतात. बॉनेटच्या आतून फाटून लोंबणाऱ्या लायनिंगकडे, म्हणजे पत्र्याला आतून लावलेल्या फेल्टच्या (दाबलेल्या तंतूंच्या) किंवा फोमच्या थराकडे, मात्र कोणाचे लक्ष जात नाही. गेलेच, तर ‘याचा काही उपयोग नसतो’ म्हणून ते ओढून काढले जाते.

उपयोग असतो, आणि मुख्यतः आवाजासाठी असतो. बॉनेटचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड. खाली इंजिन धडधडू लागले की तो ढोलाच्या पानासारखा घुमतो. जुन्या डिझेल गाड्यांची इंजेक्टरची टकटक लायनिंगच्या तंतूंत किंवा फोमच्या छिद्रांत बऱ्यापैकी जिरते. दुसरे काम उष्णता अडवण्याचे. कारखान्यातला मूळ रंग सुमारे १४० अंशांवर भाजलेला असतो, त्याला इंजिनच्या धगीने सहसा काही होत नाही. पण गॅरेजमध्ये पुन्हा मारलेला रंग साधारण ६० अंशांवरच सुकवलेला असतो. रंगकाम झालेल्या बॉनेटला म्हणूनच लायनिंगची जास्त गरज असते. ते काढल्याने इंजिन थंड राहते हा गैरसमज आहे. इंजिनचे तापमान थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा सांभाळतात. पेट्रोलवरच्या अनेक स्वस्त मॉडेलांना तर मुळातच लायनिंग नसते आणि त्यांचे काही अडत नाही. खरा धोका अर्धवट सुटलेल्या लायनिंगचा आहे.

लोंबणारा कोपरा पट्ट्याला, पंख्याला किंवा टर्बोला टेकू शकतो. फोमचा भुगा एअर फिल्टरवर आणि अल्टरनेटरच्या जाळीत बसतो. त्याच भुग्याने काचेखालच्या जाळीतून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या, की पावसाळ्यात पाणी ब्लोअरमधून पायाशी येते. ओल धरून बसलेल्या लायनिंगमागे पत्रा आतून गंजतो. सर्वांत वाईट म्हणजे तेल किंवा डिझेल प्यायलेले लायनिंग. ते आगीला आमंत्रणच. ते धुऊन साफ होत नाही, बदलावेच लागते. इंजिनवर डिझेल किंवा रॉकेल फवारून ‘चकचकीत’ करण्याची पद्धत सर्व्हिसिंग करणाऱ्यांनी सोडून द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे. प्रेशरचे पाणीही लायनिंगवर मारू नये, थर सुटतात. मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम करणे आणि सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसणे पुरते. नंतर बॉनेट उघडे ठेवून पूर्ण वाळू द्यावे.

लायनिंग बोटाने घासून पाहा. भुगा निघाला तर ते संपले. नुसती कड फाटली असेल, तर तेवढी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ग्लास फायबरचे अस्तर असलेली ॲल्युमिनियम टेप फाटीच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिलिमीटर जाईल अशी लावावी.

क्लिपवर बसवलेले फेल्टचे लायनिंग काढायला सोपे. इंजिन थंड असावे, पण प्लास्टिकच्या जुन्या क्लिपा हेअर ड्रायरने कोमट कराव्यात, नाहीतर मान मोडते. दुबेळकी पाना क्लिपच्या डोक्याखाली घालून सरळ वर उचलावा. दोन-तीन क्लिपा तुटणार हे धरूनच जास्तीच्या आणाव्यात, भोकाचा व्यास मोजून.

चिकटवलेला फोम हे किचकट काम. १९९५ पासून पुण्यात बनलेल्या मर्सिडीज डब्ल्यू-१२४ ज्यांनी जपल्या आहेत, त्यांना हा भुगा परिचयाचा असेल. आधी इंजिनवर जुनी चादर पसरावी, हवेच्या नळीचे तोंड झाकावे, मास्क, चष्मा आणि हातमोजे घालावेत. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडे झाडू नये. लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या धोक्यामुळे आधी जंतुनाशकाने भिजवून मग पुसावे. फोम प्लास्टिकच्या स्क्रेपरने खरवडावा, राहिलेला गोंद टर्पेंटाइनच्या फडक्याने मऊ करून काढावा. थिनर वापरला तर गोंदाबरोबर रंगही निघेल. हीट गन एका जागी धरली की बॉनेटच्या बाहेरच्या रंगाला फोड येतात.

नवे लायनिंग कापण्यापूर्वी जागा मोजा. इंजिनच्या उंच भागांवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कणकेचे गोळे ठेवून बॉनेट हलकेच बंद करा आणि उघडून चेपलेल्या गोळ्यांची जाडी बघा. इंजिन चालू-बंद होताना हलते, म्हणून लायनिंग त्या जाडीपेक्षा निदान १० मिलिमीटर पातळ हवे. कडेची पाणी निचऱ्याची भोके, कुलूप, बिजागऱ्या आणि वॉशरच्या नळ्या मोकळ्या सोडा.

छताखाली लावतात तो चंदेरी बबल शीट किंवा पॅकिंगचा फोम इथे चालत नाही. तो पॉलिथिनचा असतो, वितळतो आणि पेटतो. डांबरी शीट उन्हाळ्यात घसरते. एसीच्या डक्टवरचे नायट्राइल रबर सुमारे १०५ अंशांपर्यंत टिकते, पण आवाज फेल्टइतका शोषत नाही. घेतलेल्या मालाचा छोटा तुकडा मोकळ्या जागी पकडीत धरून मेणबत्तीवर न्यावा. ज्योत बाजूला करताच तो विझला नाही, तर तो माल परत करावा. गोंदही जास्त तापमानाचाच घ्यावा, फर्निचरचा गोंद मे महिन्यात सुटतो. दोन्ही पृष्ठभागांवर लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबावे, बोटाला चिकचिक लागेल पण गोंद बोटावर येणार नाही तेव्हा मधून कडेकडे दाबत जावे.

बसवल्यावर आठवडाभराने बॉनेट उघडून बघा. कुठे घासल्याची चमकती रेघ दिसली, तर तेवढा भाग कापून टाका.

– वाहनदुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक, पुणे