लाइट बंद करून झोपतेस ना?

वडसा
पाडव्याची दुपार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

गुढी मी एकटीनं उभारली. काठी बांधायला शेजारचा बब्बू आला, म्हणून जमलं. तू काल पहाटेच्या एसटीनं गेलीस आणि डबा ओट्यावरच राहिला. जवसाची चटणी होती त्यात. विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस, ते विचारत नाही. परवा रात्री तुझ्या भामरागडच्या कामावरून, नवरा-लेक गमावलेल्या त्या बायकांच्या फोटोंवरून मी जे बोलले, त्यानंतर डबा राहणारच.

"आता तिकडं शांत झालंय, कशाला जुनं उकरून राहिली तू?" असं मी म्हणाले. वर "तुझ्या फोटोनं कुणाचा नवरा परत येणार आहे का?" हेही. हे दुसरं मला मागं घ्यायचं आहे. फोनवर जमत नाही, माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. बब्बू या कागदांचे फोटो काढून तुला पाठवील. भामरागडला नेटवर्क लागेल तेव्हा वाच.

ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपती आणि त्याच्या 60 साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा टीव्हीसमोर मी हात जोडले होते. वाटलं, सुटलो. तुझा त्याच रात्री फोन आला, "आई, आता कुठं बायका बोलू शकतील." मला तेव्हा राग आला होता. संपलं म्हणताना तू सुरुवात करायला निघालीस! पण रात्री पडल्या पडल्या विचार केला. इतकी वर्षं कोण बोलणार होतं? गावात पोलीस आले तर त्यांना पाणी दिलं म्हणून एक बाजू विचारणार, रात्री दलम, म्हणजे नक्षल्यांची टोळी, आलं तर भाकर दिली म्हणून दुसरी. ज्याला खबरी ठरवून मारलं, त्याच्या प्रेताशेजारी चिठ्ठी. त्याच्या बायकोनं रडायचं तरी कुणासमोर? रडली तरी ती कुणाकडची, हे ठरणार.

जांभुळखेड्याचा दिवस तुला आठवतो का? तू पुण्याला होतीस. 1 मे 2019, महाराष्ट्र दिन. मी शाळेतलं झेंडावंदन आटोपून घरी आले, साडी बदलली आणि भात टाकला, तेवढ्यात मोठ्या आईचा फोन आला. कुरखेड्याकडं नक्षल्यांनी पोलिसांच्या गाडीखाली स्फोट केलाय म्हणे. 15 जवान आणि गाडीचा चालक. पुढं कितीतरी दिवस बातमीत असंच वाचत राहिले, "15 जवान आणि चालक". गाडी खासगी, भाड्यानं घेतलेली. मला सारखी त्या चालकाची आई डोळ्यांसमोर यायची. सगळ्यांना मानवंदना दिली असेल, तिच्या लेकालाही दिली असेल, मला माहीत नाही. पण तो त्या वाक्यात शेवटी "आणि" लावून यायचा. तू त्या वेळी फोनवर म्हणाली होतीस की एक दिवस मी त्या "आणि"चे फोटो काढीन. मी म्हटलं, आधी कॉलेजची फी भर.

बघ, मी तुला कुठं काय सांगायला बसले होते आणि कुठं गेले.

मागच्या फेरीचे फोटो तू संक्रांतीला लॅपटॉपवर दाखवलेस. मी तेव्हा "छान आहेत" एवढंच म्हणाले आणि करंज्या तळायला उठले. खरं सांगू? मला पाहवेना. आणि ते तू काढलेलेच नव्हते, हे मला दोन दिवसांनी उमगलं. कॅमेरा त्या बायकांच्याच हातात द्यायचा, काय टिपायचं ते त्यांनीच ठरवायचं. चीनच्या युनान प्रांतातल्या शेतकरी बायकांपासून ही पद्धत निघाली, 1990 च्या दशकात, कॅरोलीन वांग वगैरे बायांनी ती आखली, असं तू समजावलं होतंस. मी आयुष्यभर पोरांना "गाईचे चित्र काढा" म्हणत आले. गाय सोडून दुसरं काही काढलं तर गुण कापले. तुझ्या त्या बायकांना कुणी गाय काढ म्हटलं नाही.

तो कुऱ्हाडीच्या दांड्याचा फोटो मात्र माझ्या मनातून जात नाही. निम्मा तासलेला, निम्मा सालीसकट. नवऱ्यानं संध्याकाळी तासायला घेतला आणि रात्री त्याला बोलावून नेलं. ती म्हणाली, मी हा पुरा करणार नाही आणि जाळणारही नाही. घरात त्या माणसाचा फोटो म्हणजे मतदान कार्डावरचा तेवढा, तोही ओळखू न येणारा. पेपरात गडचिरोलीचे फोटो आपण किती वर्षं पाहिले, आठव. ओळीनं ठेवलेली प्रेतं, समोर मांडलेल्या बंदुका. त्यात हा दांडा कुठं असणार? हे मी तुला तेव्हाच म्हणायला हवं होतं. आता म्हणते. तुझं काम मोठं आहे, सोनू. मला त्याचा अभिमान आहे.

आणि त्या तिघी एका चटईवर बसल्या म्हणालीस. एकीचा नवरा सी-60 मधला, म्हणजे नक्षल्यांशी लढणाऱ्या पोलीस पथकातला, एकीचा खबरी म्हणून मारलेला, तिसरीची लेक पंधराव्या वर्षी दलमात गेली ती आलीच नाही. सी-60 निघाली 1990 ला, तेव्हापासून पोलिसांतली पोरंही याच गावांतली आणि जंगलातलीही याच गावांतली. एका लग्नात नाचलेली. त्या तिघींनी एकमेकींचे फोटो हातात घेऊन पाहिले, कुणी काही बोललं नाही, मग एकीनं मोहाच्या दराचा विषय काढला. हे सांगताना तू हसत होतीस. त्या रात्री तीन वाजता मी पाणी प्यायला उठले, तर तुझ्या खोलीत लाइट चालू.

हेच लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तुझे बाबा लाइट चालू ठेवून झोपायचे. तू तक्रार करायचीस, डोळ्यांवर ओढणी बांधायचीस, आठवतं? तुला वाटायचं त्यांना पुस्तक वाचायची सवय आहे. 2009 ची विधानसभा. बाबांच्या हातात इलेक्शन ड्यूटीची ऑर्डर आली होती, एटापल्ली तालुक्यातली. 8 ऑक्टोबरला तिकडंच भामरागडजवळ लाहेरीला नक्षल्यांशी चकमकीत 17 पोलीस मारले गेले आणि मतदान 13 ला. मी म्हटलं, आजारी पडा. ते म्हणाले, मी पडलो तर दुसऱ्या मास्तरला जावं लागेल. बहिष्काराची पत्रकं लागली होती. गेले. चौथ्या दिवशी परत आले ते सरळ न्हाणीत. पायांना चिखल, शर्टाला काटे. मी विचारलं, ते म्हणाले, "झालं मतदान." बस. परतीच्या वाटेवर गोळीबार झाला आणि हे सगळे मास्तर चार तास नाल्यात पालथे पडून होते, हे मला त्यांच्याबरोबरच्या गुरुजींनी सांगितलं. कधी? बाबांच्या तेराव्याला.

म्हणजे आठ वर्षं मी त्या उजेडात झोपले आणि मला माहीत नव्हतं. त्यांना कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी म्हणायचे, विजेचं बिल बघा. तुझ्यासारखं कुणी त्यांच्या हातात कॅमेरा दिला असता, तर त्यांनी काय टिपलं असतं? नालाच टिपला असता का? मला वाटतं त्यांनी शाईची बाटली टिपली असती, ती बोटाला लावायची. ती त्यांनी नाल्यात पडल्यावरही छातीशी धरून ठेवली होती म्हणे.

म्हणून विचारते, तू झोपतेस ना? त्या बायका बोलतात, टेकतात, जरा हलक्या होतात, हे बरं झालं. पण त्यांचं ते तुझ्याकडं येऊन साठतं, मग तू कुठं ठेवतेस? पुण्याच्या तुमच्या ग्रुपमध्ये दर आठवड्याला कुणी तुम्हाला बसवून विचारतं का? विचारत नसेल तर तू माग. ऐकणाऱ्यालाही ऐकणारं माणूस लागतं. फिरून एकदा सांगते, चेहरे नकोत. गावाचं नाव नको. फोनमध्ये जागेची नोंद राहते ती बंद ठेव. बाई "हो" म्हणाली तरी छापायच्या आधी पुन्हा विचार, सहा महिन्यांनी पुन्हा विचार, तिच्या घरात धाकटा दीर आहे की नाही बघ. शांत झालंय ते कागदावर. कुणाच्या मनात काय आहे हे कुणी पाहिलंय? आणि दुपारी भर उन्हात फिरू नकोस, आणि...

मास्तरकी सुरू झाली बघ माझी. यातलं निम्मं तूच मला शिकवलंस. माफ कर.

आता मोह पडत असेल. बायका पहाटे टोपल्या घेऊन जातील, तुझा वर्ग दुपारनंतरच भरेल. तूही त्यांच्याबरोबर वेचायला जा, कॅमेरा न घेता. हे सल्ला म्हणून म्हणत नाही. आपल्या मामाच्या गावी तू लहानपणी वेचायचीस आणि वेचून झाल्यावर झाडाखालीच झोपायचीस, टोपलीवर डोकं ठेवून. मुंग्या चावल्या तरी उठायची नाहीस.

बाबांच्या पेटीत एक फोटो आहे. मतदान केंद्रासमोर पाच मास्तर आणि दोन शिपाई, उन्हानं डोळे बारीक केलेले. जातानाचा आहे, परततानाचा नाही. मी तो काढून देवाजवळ ठेवलाय. तू आलीस की त्याखाली काय लिहायचं ते मी सांगेन, तू लिहून घे. म्हणजे तुझ्या पद्धतीनं. मला जमेल असं वाटतं. घाई करणार नाहीस ना?

चटणी मी फ्रिजमध्ये ठेवलीय. आलापल्लीहून निघशील तेव्हा फोन कर. शेवटची एसटी चुकली तर बब्बू मोटारसायकल घेऊन आरमोरीला येईल, मी त्याला सांगून ठेवलंय. कितीही रात्र झाली तरी दार वाजव, मी जागीच असते.

तुझी,
आई