खुले पत्र : अँटीबॉडीचा आकडा बघून इंजेक्शन बंद करू नका

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

माझ्या धाकट्या भावाला मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे. ती आटोक्यात यावी म्हणून चालू असलेली मधमाशीच्या विषाची इंजेक्शनं गेल्या आठवड्यात, चौदाव्याच महिन्यात बंद केली. कारण काय, तर 'आयजीजी-४ (संरक्षक मानली जाणारी अँटीबॉडी) छान वाढलंय, आता गरज नाही.' पूर्ण कोर्स देऊ, असा शब्द त्याच रुग्णालयाने दिला होता. घरी सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. डंख चुकणार नाही.

साहेब, इंजेक्शनं सुरू झाली की पहिले काही महिने विषाविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी अँटीबॉडी, उलट वाढतं, मग वर्षानुवर्षं सावकाश उतरतं. आयजीजी-४ चढतं. पण पुढचा डंख सोसेल की नाही, हे यातल्या कुठल्याच आकड्यावरून एका माणसापुरतं खात्रीने सांगता येत नाही. आयजीजी भरपूर असूनही माणूस कोसळतो. उपचार संपल्यावर ते उतरलं तरी कित्येकांना डंख बाधत नाही.

मग भरवसा कशाचा? १०० मायक्रोग्रॅमच्या मेंटेनन्स डोसचा (हळूहळू चढवत नेऊन मग कायम ठेवायच्या डोसचा), म्हणजे साधारण दोन डंखांइतक्या विषाचा, सुरुवातीला दर चार आठवड्यांनी, तीन ते पाच वर्षं. एवढं करूनही मधमाशीच्या बाबतीत पाचातल्या एखाद्याला पुरेसं संरक्षण मिळत नाही. त्याचा डोस २०० पर्यंत न्यावा लागतो. गांधीलमाशीचा निकाल बराच चांगला येतो. मध्येच मोठा खंड पडला तर डोस खाली आणून पुन्हा चढवावा लागतो. हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी रिपोर्ट हातात घेऊन निर्णय का द्यावा?

आणि बाटलीत काय आहे, तेही बघायला सांगा. अख्ख्या माशीच्या अर्काने संरक्षण मिळत नाही, शुद्ध विषानेच मिळतं, हे १९७८ मध्येच अमेरिकेतल्या चाचणीने दाखवून दिलं. सत्तेचाळीसहून जास्त वर्षं झाली!

२०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर 'मधाचं गाव' जाहीर झालं, आनंदच झाला. पण पेट्या वाढवायच्या तर डंख लागणाऱ्या माणसाची जबाबदारीही घ्या. माशा पाळा म्हणणारं खातं वेगळं, जीव वाचवणारं वेगळं, आणि मधल्या मध्ये रुग्ण खेटे घालतो.

लेखी आदेश काढा: केवळ अँटीबॉडीच्या रिपोर्टवरून उपचार थांबवायचे नाहीत. सुरू करण्यापूर्वी रक्तातलं ट्रिप्टेज (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींतून येणारं द्रव्य) तपासायचं. ते मुळातच जास्त असेल तर धोका मोठा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यावरचं ॲड्रेनलिन हवं, प्रौढाला अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, कातडीखाली नव्हे.

इंजेक्शनं बंद केली नसती, तर भावाचा पुढचा डोस येत्या सोमवारी होता.

आपला,
एक मधपाळाचा भाऊ