घोडीच्या तपासणी अहवालाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
प्राणी-नमुने तपासणी विभाग

विषय : अहवालात मात्रा न देणे व मागितलेल्या औषधाचा निकाल न देणे

स.न.वि.वि.

शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी विकत घेण्याआधी तिचं रक्त आणि लघवी आपल्याकडे तपासायला दिली होती. मला एवढंच हवं होतं : पुढच्या पायाचं दुखणं औषधाने दाबून तर ती आम्हाला दाखवली नाही ना? अर्जात फेनिलब्युटाझोन या वेदनाशामक औषधाचं नाव स्पष्ट लिहिलं होतं. दुखणं झाकलेला घोडा चार दिवस झकास दुडकतो आणि मग भुसभुशीत वाळूत कायमचा पाय धरून बसतो. नागावच्या किनाऱ्यावर कुठल्याही घोडेवाल्याला विचारा.

आपला अहवाल असा : सॅलिसिलेट (ॲस्पिरिन दिल्यावर सापडतं ते द्रव्य), "आढळले". शेजारचा मात्रेचा रकाना कोरा. खाली फेनिलब्युटाझोन आणि ऑक्सिफेनब्युटाझोन, दोन्हींपुढे नुसती आडवी रेघ. म्हणजे सापडलं नाही, की तपासलंच नाही? फोन केला तर "रिपोर्टमध्ये आहे तेच आहे." पैसे मात्र सगळ्या चाचण्यांचे घेतलेत, पावती सोबत आहे.

लघवीत सॅलिसिलेट आलं म्हणजे ॲस्पिरिन दिलं, असं होत नाही. लसूणघासातूनही ते येतं, आणि ही घोडी चंदीबरोबर रोज लसूणघास खाते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय घोडदौड नियमांत त्याला मर्यादा ठरवली आहे : लघवीत मिलिलिटरला 750 मायक्रोग्रॅम, प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, 6.5. आकडाच नाही तर मी काय ताडून बघू? तुमच्या या अर्धवट कागदावरून विकणारा माझ्यावर उखडला, मी त्याच्यावर, आणि इसार अडकला तो अडकलाच.

फेनिलब्युटाझोन चाऱ्यातून येत नाही. शरीरात त्याचं ऑक्सिफेनब्युटाझोन बनतं, म्हणून दोन्ही शोधायची असतात. याच औषधापायी 1968 च्या केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या शर्यतीत पहिला आलेला डान्सर्स इमेज हा घोडा बाद झाला होता. तेव्हा जे सापडलं, ते तुमच्या आजच्या यंत्राला जड जाऊ नये.

आणखी एक. पोचपावतीवरचा नमुना क्रमांक 3 ने संपतो, अहवालावरचा 8 ने, तोही पेनाने गिरवलेला. नमुना आमच्याच घोडीचा होता ना?

राखून ठेवलेला सीलबंद दुसरा नमुना माझ्या पशुवैद्यकांसमोर उघडून मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून द्रव्य ओळखायच्या पद्धतीने) तपासावा. आकडे, पद्धत आणि यंत्र किमान किती मात्रा पकडतं, हे सही-शिक्क्यानिशी द्यावं. खर्च तुमचा. इसाराची मुदत महिनाअखेर संपते, त्याआधी उत्तर हवं. नाहीतर ग्राहक आयोगात तक्रार करीन. आयोग अलिबागलाच आहे, मला लांब जावं लागत नाही.

आपला,
एक ग्राहक
नागाव, ता. अलिबाग, जि. रायगड