सिडकोतल्या काकांना, टेबलाबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोर आभार मानायला आले की तुम्ही आत चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय नाशकात घरच्या घरी छोटं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर कोरीवकाम करणारं मशीन, चालवणारे माझ्यासारखे आणखी लोक आहेत. त्यांच्यात मशीनवर तासन्‌तास चर्चा होते, मशीनखालच्या टेबलाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं.

माझं काम लाकडी पाट्यांचं. सागाच्या फळीवर व्ही-बिटने, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोकदार पात्याने, नावं कोरायची. जुन्या टेबलावर शिरोरेषा एका टोकाला नाजूक निघायची आणि दुसऱ्या टोकाला जाड. ज्याला विचारावं तो सॉफ्टवेअरच्या सेटिंगकडे बोट दाखवायचा. तुम्ही पाटी हातात घेतलीत, चष्मा कपाळावर सरकवलात, शिरोरेषेवरून अंगठ्याचं नख फिरवलंत आणि एवढंच विचारलंत, "बिट किती अंशांचं?" मी म्हटलं, नव्वद. "मग खोली अर्धा मिलिमीटर बदलली की रेघ एक मिलिमीटरने रुंद होणार. सेटिंग राहू दे. टेबल दाखव."

टेबल मधोमध खचलं होतं. मशीनची अॅल्युमिनियमची हलकी फ्रेम बोल्टने आवळली की ती टेबलाचाच आकार घेते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी नवीन टेबलासाठी स्पिरिट लेव्हल घेऊन बसले होते. तुम्ही ती बाजूला ठेवायला लावलीत. टेबल थोडं कललेलं असलं तरी मशीनला त्याचं काही नसतं, ते सपाट हवं, त्यात पीळ नको. आणि सपाटी मोजायची तर आधी भरवशाचं काहीतरी हाताशी हवं. "गोदेचा पूर आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, कारण मारुती हलत नाही. तुझा मारुती कुठाय?" मग आपण काचवाल्याकडून १० मिलिमीटर जाडीची फ्लोट काच आणली. त्या दिवसापासून घरात तिला सगळे मारुतीच म्हणतात.

सांगाड्याला तुम्ही ५० बाय ५० चा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप निवडलात. वेल्डिंग थंड होताना जोड आपल्याकडे ओढतो, म्हणून आधी सगळ्या कोपऱ्यांना वेल्डिंगचे नुसते छोटे टाके. मग गुण्या लावून काटकोन पाहायचा, दोन्ही कर्ण मोजायचे, आणि त्यानंतर समोरासमोरचे जोड आलटून पालटून, थोडे थोडे भरायचे. पायांमध्ये तिरके पाइप टाकल्याशिवाय तुम्ही पुढे जाऊ दिलं नाहीत. गॅन्ट्री, म्हणजे मशीनची कोरणारं डोकं वाहून नेणारी सरकती चौकट, झटक्याने दिशा बदलते तेव्हा धक्का आडवा बसतो, आणि नुसत्या उभ्या पायांचं टेबल तिथेच डुलतं.

पण माझ्या सगळ्यात लक्षात राहिलाय तो दोरा. चार कोपऱ्यांतून तिरके दोन दोरे ताणलेत, मधे एकमेकांना जेमतेम टेकतील असे. एक दोरा दुसऱ्याला दाबत असेल किंवा दोघांत फट दिसत असेल तर सांगाड्यात पीळ आहे. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघायचं. सातपूरच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे नि अवजारं बनवणाऱ्या कार्यशाळेत, उमेदीची सगळी वर्षं काढलेला माणूस शिवणाच्या दोऱ्यावर एवढा विश्वास टाकतो, हे बघताना मला फार बरं वाटलं. अचूकपणा महागड्या उपकरणातूनच येतो असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं, ते तिथे सुटलं.

वरच्या फळीसाठी मी एमडीएफ म्हणत होते. तुम्ही पावसाळ्याची आठवण करून दिलीत: एमडीएफ ओल शोषून फुगतो. मग १८ मिलिमीटरचे मरीन प्लायचे दोन थर घेतले. दोन थर नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो, नीट चिकटवून एकजीव केले तर आठपट. म्हणून फेव्हिकॉल लावताना एकही कोरडी जागा राहू द्यायची नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. सनमायका वरून आणि खालूनही, नाहीतर एका बाजूने ओल घेऊन फळी वाकते. कडांना वॉर्निश. मग मारुती वर ठेवून कोपरे दाबून पाहिले, आणि काचेखाली झेरॉक्सचा कागद कुठे सरकतो ते शोधलं. असा कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा. जिथे सरकला, तिथे फळी आणि सांगाडा यांच्यामध्ये पत्र्याची पट्टी घातली. हे काम किचकट आहे आणि त्यातच सगळं आहे. तुम्ही तिथे बसून राहिलात. "चालेल एवढं" असं मी म्हटलं की काही न बोलता पुन्हा कागद हातात द्यायचात.

आता शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी येते. गेल्या आठवड्यात एका आजीबाईंची पाटी दिली. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाताने लिहिल्यासारखं आलंय." ती दाद खरं तर तुमची आहे, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

काका, तुम्ही मला वेळ दिलात, आणि मुलीच्या जातीला हे कशाला असा भाव एकदाही तुमच्या चेहऱ्यावर आला नाही. पहिल्याच दिवशी ग्राइंडर माझ्या हातात दिलात, गॉगल घालायला लावलात आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिलात. मनापासून धन्यवाद.

थरथर आणखी कमी व्हावी म्हणून पायांत वाळू भरायची राहिली आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चाळून, गच्चीवर खडखडीत वाळवून ठेवली आहे. पुढच्या रविवारी सकाळी काकूंना घेऊन या. नाष्टा माझ्याकडे.

तुमची,
मागच्या गल्लीतली पाटीवाली