पाहुणे आले नाहीत, निघाले आहेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पहिल्या पानावर कळंबा तलावावरच्या बदकांच्या थव्याचा मोठा फोटो आणि वर मथळा: ‘परदेशी पाहुण्यांचे आगमन’. मार्चमध्ये आगमन कसलं? ही पाखरं दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात आणि होळीच्या आगेमागे परतीला लागतात. शिवाय फोटोच्या कोपऱ्यात पाण्यावर बसलेलं जे बदक तुम्ही ‘सायबेरियाचा पाहुणा’ म्हणून दाखवलंय, ते आपलं हळदीकुंकू बदक आहे. चोचीचं टोक पिवळं, बुडाशी दोन लाल ठिपके, म्हणून ते नाव. बारा महिने इथंच राहतं, पिल्लंही इथंच काढतं. कळंब्यातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं.

पण माझा खरा राग मथळ्यावर नाही, त्या उडत्या थव्यावर आहे. तो थवा का उडाला ते मी पाहिलंय.

परवा सकाळी साडेसहाला मी बांधावर होतो. कात्यायनीच्या बाजूच्या उथळ पाण्यात चाळीसेक भुवई बदकं चरत होती. थंडीत यांच्यातले नर-मादी ओळखू येत नाहीत. फेब्रुवारी-मार्चात नराच्या डोळ्यावर पांढरी भुवई उमटते, ती थेट मानेपर्यंत वळते. परवाच्या कोवळ्या उन्हात ती इतकी स्वच्छ दिसत होती की मी दुर्बीण खाली ठेवायलाच विसरलो. तेवढ्यात मागून दोघं तरुण आले, गळ्यात मोठ्या लेन्सचे कॅमेरे. पाचेक मिनिटं थांबले. मग एकानं वाकून धोंडा उचलला आणि पाण्यात भिरकावला. सगळा थवा उठला, खटाखट फोटो निघाले. थवा फिरून पुन्हा टेकतोय तोवर दुसरा धोंडा. असं तीनदा.

मी म्हटलं, ‘अरे बाळा, काय करतोस हे?’ तर म्हणाला, ‘उडतच न्हाईत ओ काका ती. बसल्याला फोटो कोण बघतंय?’

कालच्या फोटोतला कोन तोच, पाणी तेच, मागची झाडी तीच. तो त्यांनीच काढला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण असा फोटो पहिल्या पानावर आला की उद्या आणखी चारजण धोंडे घेऊन उभे राहणार, हे मात्र नक्की.

जेमतेम ३००-४०० ग्रॅमचं हे पाखरू. त्याला मध्य आशिया, सायबेरियापर्यंत जायचं असतं, म्हणून निघायच्या आधीच्या दिवसांत भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतं. वाटेवर तीच शिदोरी. आपण दर वेळी उडवलं की त्यातलीच थोडी इथं संपते. बदकं प्रवासाला बहुधा रात्रीच निघतात. त्यांचं उडणं त्यांच्या वेळेला होऊ द्यायला नको का?

नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला पक्षी सप्ताह असतो, तेव्हा तुम्ही रोज अर्धं पान देता. चांगली गोष्ट आहे. पण तेव्हा पाखरं नुकती आलेली असतात. निघतानाचे हे पंधरा-वीस दिवस त्यांना फार जपायला हवं, आणि नेमकी तेव्हा बातमी येते ती चुकीची. काटेसावरीवर भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे जमतायत, बांधाखालच्या चिखलात धोबी पक्षी शेपट्या हलवत किडे टिपतायत, तेही आता जातील. त्यांच्यावर दोन ओळीसुद्धा नाहीत.

आणखी एक. गेल्या नोव्हेंबरात मी पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही निम्मं कापलंत आणि ‘भुवई बदक’चं ‘भुईबदक’ करून छापलंत. तीन जणांनी फोन करून विचारलं, हे भुईबदक कुठलं? कृपया या वेळी नाव नीट छापावं, आणि कालच्या मथळ्याची दुरुस्तीही त्याच पानावर द्यावी.

गेली १४ वर्षं मी एका वहीत दरसाल भुवई बदकं शेवटची दिसल्याची तारीख लिहितो. काही वर्षी मार्चअखेर, एकदा तर एप्रिलचा दुसरा आठवडा. आज पहाटे गेलो तर त्या पाण्यात एकही नव्हतं. हळदीकुंकवाची एक जोडी तेवढी काठाला होती. आपणहून गेली की उठवल्यामुळे गेली, कळायला मार्ग नाही. यंदाची तारीख अजून लिहिलेली नाही. उद्या पुन्हा जाऊन बघणार आहे.

आपला,
एक वाचक, कळंबा, कोल्हापूर