रासदळापासून ‘सीता बिबाह’पर्यंत नेणाऱ्या माउसींना

तीर्थस्वरूप माउसींना साष्टांग नमस्कार.

समोरच्या दाराची बेल वाजवून हे सांगता आलं असतं. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही “आधी खाऊन घे” म्हणता आणि ताटात चकुळी पिठा वाढता. शिवाय तुम्ही जे केलंत ते आमच्या मजल्यापुरतं राहू नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे उघड पत्र. मराठी पेपर तुम्ही रोज वाचता, तेव्हा हेही वाचालच.

आमच्या चित्रपट मंडळात निरनिराळ्या भारतीय भाषांतल्या पहिल्या बोलपटांवर एकेकानं बोलायचं ठरलं. मी ओडिसी शिकते म्हणून ओडिया माझ्याकडे आली. हाताशी होती ती जेमतेम टिपणं. ‘सीता बिबाह’, ओडियातला पहिला बोलपट, साल १९३६. दिग्दर्शक मोहनसुंदर देव गोस्वामी. कामपाल मिश्र यांच्या नाटकावर आधारलेला. १२ रिळं, १४ गाणी, खर्च सुमारे ३०,००० रुपये. पुरीच्या लक्ष्मी थिएटरात २८ एप्रिलला प्रदर्शित. एवढ्यावर पाच मिनिटं बोलता आली असती आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. पण ज्या प्रांतात स्टुडिओ नाही, ज्या भाषेत आधी एकही बोलपट नाही, तिथे एक माणूस उठतो आणि थेट सिनेमाच काढतो, हे घडलं कसं, ते त्या टिपणांत कुठेच नव्हतं.

तुम्हाला नाव सांगितलं आणि तुम्ही लगेच विचारलंत, “मोहनसुंदर? म्हणजे रासवाले मोहनसुंदर?” माउसी, सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात होती. मी स्टुडिओत शोधत होते, तुम्ही मला रासदळात, म्हणजे रास करणाऱ्या मंडळीत नेलंत.

मग पुरीच्या मामूंना तुमचा फोन गेला. त्यांनी जुन्या ओडिया मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स पाठवल्या आणि त्या गोलगोल अक्षरांतलं पानन् पान तुम्ही मला मोठ्यानं वाचून दाखवलंत. आधी ओडिया वाक्य, मग त्याचं मराठी, आणि अडलं की हातवारे. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, तरी “हा परिच्छेद संपवू” म्हणत तुम्ही दिवेलागणीपर्यंत बसायचात.

रास म्हणजे राधाकृष्णाची कथा, हे मला माहीत होतं. ती उभी कशी राहते, हे तुम्ही दाखवलंत. देवळापुढचं नाहीतर मठाचं अंगण, भोवती लोक, एका बाजूला मर्दळ हा मृदंगासारखा ढोल, हार्मोनियम आणि गिनी म्हणजे छोटे टाळ. राधा आणि गोपी होणारे सगळे मुलगेच. त्या मुलांनी गायचं, नाचायचं, संवाद म्हणायचे, वाद्य धरायचं, चेहराही स्वतःच रंगवायचा. रासदळ म्हणजे राहतं शिक्षण. तुम्ही खुर्चीतच मान कलती केलीत, पदर दोन बोटांत धरलात आणि लहानपणी पाहिलेल्या रासातली राधा करून दाखवलीत. वर्गात महिनोन्महिने घोटूनही माझ्या मानेला जे वळण येत नाही, ते तिथे बसल्या जागी दिसलं.

ते दिसायलाच हवं होतं, हे पुढच्याच झेरॉक्सनं सांगितलं. रघुराजपूरच्या चित्रकाराचा मुलगा केलुचरण महापात्र लहानपणी याच मोहनसुंदरांच्या रासदळात गेला आणि सुमारे १२ वर्षं तिथे राहिला. पुढे ज्यांनी ओडिसीला आजचं रूप देण्यात मोठा वाटा उचलला, तेच हे गुरुजी. मुंबईत झेलम परांजपे यांच्यासारख्या मराठी नर्तकींनी ओडिसी रुजवली ती त्यांच्याच हाताखाली शिकून. १९२६चा जन्म, म्हणजे सिनेमा आला तेव्हा ते दहा वर्षांचे. ओडिया भाषेचा पहिला बोलपट आणि माझ्या वर्गात रोज घोटला जाणारा नाच, या दोन्हींचा माग एकाच माणसाच्या दळापर्यंत जातो. इतकी वर्षं चौक आणि त्रिभंगी या ओडिसीच्या मूळ उभ्या ठेवणी घोटते आहे, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर चित्रीकरणाच्या पानांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. सिनेमा झाला कोलकात्याच्या काली फिल्म्स स्टुडिओत, कारण ओडिशात कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणाची सोयच नव्हती. पण यंत्रं परक्या शहरातली असली तरी दिग्दर्शकाच्या हातात माणसं घडवायची विद्या पुरीची होती. ज्यानं पोरांना उभं कसं राहायचं, सूर कुठे टाकायचा, देव कसा व्हायचा हे वर्षानुवर्षं शिकवलं, त्याला नट नाही म्हणून अडायचं कारण नव्हतं. राम झाले मखनलाल बॅनर्जी. त्यांना या कामाचे १२० रुपये मिळाले. लक्ष्मण अद्वैत वल्लभ.

आणि सीता प्रभाती देवी. मी टिपण काढताना त्यांचं नाव तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, तर तुम्ही पेन मागून घेतलंत आणि ते वर नेलंत. “रासात राधासुद्धा मुलगाच व्हायचा, इथे बाई कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. तिचं नाव आधी घे.” मंडळात मी त्यांचंच नाव आधी घेतलं, माउसी. ओडिया सिनेमाची पहिली नायिका म्हणून त्यांच्याबद्दल नीट, सविस्तर लिहिलं जायला हवं, हे माझंही ठाम मत झालं आहे.

आमच्या मंडळींना हे सगळं जवळचं वाटलं ते आणखी एका कारणानं. त्याच १९३६च्या डिसेंबरात इकडे प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. तिथेही भक्तिपटच आणि तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले. पण प्रभातकडे पुण्यात स्वतःचा स्टुडिओ होता, आपली माणसं होती, मागे आधीच्या मराठी बोलपटांचा अनुभव होता. ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत गेला आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. मोहनसुंदरांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या हिमतीचं मोल मला म्हणूनच जास्त वाटतं.

तारखेचं महत्त्वही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. १ एप्रिल १९३६ला ओडिशा हा वेगळा प्रांत झाला. मद्रास, मध्य प्रांत, बिहार अशा तीन सरकारांखाली विखुरलेली ओडिया भाषकांची बरीचशी मुलुखपट्टी एका नावाखाली आली, तीही भाषेच्या आधारावर. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुरीत लोकांनी पडद्यावर राम-सीतेला ओडिया बोलताना ऐकलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी १९६०पर्यंत झगडलेल्या माणसांच्या पुढच्या पिढ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हा मुद्दा आला तेव्हा आमच्यातले ज्येष्ठ सदस्य खुर्चीत पुढे सरसावून बसले.

मला स्वतःला मात्र सगळ्यात जास्त मोलाची वाटते ती ती दुपार, जेव्हा तुम्ही झेरॉक्स बाजूला ठेवून जुने ओडिया कवी उपेंद्र भंज यांचा ‘बैदेहीश बिळास’ हा रामकथेवरचा काव्यग्रंथ म्हणायला घेतलात. प्रत्येक ओळीची सुरुवात ‘ब’नं, आणि तरी कुठे ओढाताण नाही. तुमच्या आईनं शिकवलेल्या चालीत तुम्ही ओळीमागून ओळ म्हणत गेलात. विवाहाच्या प्रसंगाशी आलात आणि तुम्ही जीभ हलवून हुळहुळी दिलीत, ओडिया लग्नघरात बायका देतात तशी, खणखणीत. शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. मला त्या क्षणी पटलं की हा सिनेमा बघायला आलेल्यांना कथा सांगायची गरजच नव्हती. धनुष्य मोडणार हे सगळ्यांना पाठ होतं. जी सीता त्यांच्या ओव्यांत, साहीतल्या, म्हणजे आळीतल्या, जात्रेत आणि लग्नघरात आधीपासून होती, ती आपल्याच बोलीत पडद्यावर कशी बोलते, हे पाहायला ते आले असणार.

पुढची हकिगत मनाला लागते. दुसरा ओडिया बोलपट ‘ललिता’ यायला १९४९ उजाडलं. १३ वर्षं! मध्ये महायुद्ध, कच्च्या फिल्मची टंचाई, गाठीला पैसा नाही, घरचा स्टुडिओ नाही. मग १९५०ला ‘श्री जगन्नाथ’ आला आणि पुढे वाट चालू लागली. मोहनसुंदरांनी लावलेला दिवा मधली इतकी वर्षं एकटाच होता. हे मंडळात सांगताना माझा आवाज कापला. कुणी हसलं नाही, उलट नंतर तिघंचौघं येऊन ‘मोहनसुंदर देव गोस्वामी’ हे नाव वहीत नीट उतरवून घेऊन गेले.

त्याचं श्रेय तुमचं आहे, माउसी. तुम्ही ना चित्रपटाच्या अभ्यासक, ना नृत्याच्या. पण स्वतःच्या भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेतल्या माणसाला पूर्ण मिळावी, अर्धवट नको, म्हणून तुम्ही ज्या आस्थेनं बसलात ती मी कधी विसरणार नाही. मामूंनाही माझा नमस्कार कळवा. त्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा मी बाइंड करून घेतला आहे. एक प्रत मंडळाच्या कपाटात राहील, मूळ प्रती तुमच्याकडे आणून देते.

‘ललिता’ आणि ‘श्री जगन्नाथ’वरची पानं अजून वाचायची राहिली आहेत. येत्या शनिवारी दुपारी जमेल का? यावेळी खायला मी आणते, थालीपीठ आणि लोणी.

तुमची,
समोरच्या घरातली