‘रिंगफ्रेम’ लिहिणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुम्हाला मी आठवणार नाही. कुपवाड एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या सूतगिरणीचा कामगार, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत उलटेसुलटे कागद. असे कितीजण येत असतील ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या ऑफिसात, तुमच्या टेबलापाशी.

काम गेल्यावर काही भत्ता मिळतो का, हे विचारत तुमच्याकडे येण्याआधी मी तीन दारं झिजवली होती. गिरणीच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "तसलं काय नसतंय." कागदपत्रं करून देणाऱ्या एकानं सांगितलं, "ती योजना कोरोनातली, संपली." तिसऱ्यानं दोन हजार मागितले. त्याचा मला फारसा राग नाही. निदान काहीतरी मिळतं हे त्याला ठाऊक होतं! राग आहे तो पहिल्यावर. १८ वर्षं दर महिन्याला आमच्या पगारातून ईएसआय कापून घेतला, आणि तो कशाकशासाठी असतो ते एकदाही सांगितलं नाही. आम्ही समजत होतो, औषधगोळ्यांपुरताच.

तुम्ही दोन मिनिटांत घोळ सोडवलात. कोरोनाच्या वेळी गाजली ती अटल योजना, ९० दिवसांची. कारखाना कायमचा बंद पडून काम गेलेल्यांसाठी वेगळी आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. वर नवीन काम शिकायचं असेल तर त्याची फी आणि जाण्यायेण्याचा खर्चसुद्धा. मी तर तोंडात बोट घालून ऐकत होतो.

पण हे पत्र पैशासाठी नाही. मी अर्ज पुढे केला. एका रकान्यात मी ‘बेकार’ असं लिहिलं होतं. तुम्ही चष्मा वर सरकवून विचारलंत, "दादा, गिरणीत कुठल्या मशीनवर होता?"

"रिंगफ्रेम. सायडर होतो."

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

मागं रांग होती. तरी मी सांगत बसलो आणि तुम्ही ऐकत बसलात. सूत कातणाऱ्या चालत्या मशीनवर तुटलेला धागा कसा सांधायचा, भरलेल्या बॉबिन कधी उतरवायच्या, आवाजावरून बिघाड कसा कळतो. बंद झाल्यापासून मला हे कुणीच विचारलं नव्हतं. घरी विचारायचे, "आता काय करणार?" पावणे विचारायचे, "काय मिळालं का?" तुम्ही ‘बेकार’वर सरळ रेघ मारलीत आणि शेजारी लिहिलंत, ‘रिंगफ्रेम, १८ वर्षे’. मग म्हणालात, "इथं सही करा."

बाहेर येऊन गाडीला किल्ली लागेना. हात थरथरत होता, उगाच कशाला लपवू.

आमची आई अजून दारात आलेल्याला आधी गूळपाणी देते, मग काम विचारते. वसुलीवाला आला तरी. मला वाटायचं, हे आता गावाकडच्या म्हाताऱ्यांपुरतंच उरलंय, ऑफिसात काचेपलीकडचा माणूस वेगळाच असतो. तसा तो पुष्कळदा असतोही. पण तुमच्या टेबलावर गूळपाणी नव्हतं तरी मला ते मिळालं.

भत्ता खात्यावर येऊ लागला. पगाराच्या निम्म्यात भागत नाही, पण दुकानदार उधारीची वही पुढं करेनासा झाला आणि पोरीची शाळा चालू राहिली. मी सध्या सीएनसी लेथ, म्हणजे कम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारं मशीन, शिकतोय. वर्गात सगळी विशीच्या आतली पोरं, मला ‘मामा’ म्हणतात. मशीनला द्यायच्या हुकमांत जी झिरो झिरो म्हणजे टूल झटक्यात न्यायचं, जी झिरो वन म्हणजे कापत न्यायचं, हे पाठ करायला मला आठवडा लागला. मात्र मशीनचा आवाज बदलला की पोरांच्या आधी माझी मान वळते. सर परवा म्हणाले, "मामा, हे कुठं शिकलात?"

प्रवेशाच्या फॉर्मवर ‘पूर्वीचं काम’ असा रकाना होता. या वेळी मी स्वतःच्या हातानं लिहिलं, रिंगफ्रेम, १८ वर्षे. अक्षर मात्र तुमच्याइतकं चांगलं नाही आलं.

आपला,
कुपवाडचा एक सायडर